चहाला गेलेला पायलट

लेकीच्या घरी राहायला जायचं नाही, हे मी तिच्या लग्नाच्या मांडवातच ठरवून टाकलं होतं. तेव्हा कुणी बोलावलंही नव्हतं. आमच्यात बाप लेकीकडं जातो, बसतो, विचारपूस करतो आणि दिवेलागणीच्या आत परत फिरतो. माझा बाप तर माझ्या बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचा नाही. कोपऱ्यावरच्या नळाला तोंड लावायचा, मिशा पुसायचा आणि मग आत शिरायचा. मी एवढा कडक नाही. मी चहा घेतो.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मंडईच्या मागं दोन खोल्यांत मी एकटा. लेक-जावई कोथरूडला. बसनं जायला फार वेळ लागत नाही, पण उगाच उठून जावं इतकं जवळही नाही. रोज संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. जेवणात काय केलं, गोळी घेतली का, आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य, "मग राहायला कधी येताय?" मी म्हणायचो, "पुढच्या जन्मी." ती हसायची आणि फोन ठेवायची. फोनचा शेवट हाच, दुसरा नाही.

आयुष्य नाना पेठेतल्या गॅरेजात गाड्यांना रंग मारण्यात गेलं. शाळा चौथीत सुटली, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. रंगाचा वास अंगात इतका मुरला होता की बायको म्हणायची, तुम्ही खालच्या जिन्यात असता तेव्हाच मी आधण ठेवते. आता मी घरात बसून जिन्यातली पावलं ऐकतो. कोण आलं ते चपलेवरून कळतं. बहुतेक पावलं वरच्या मजल्यावर जातात.

श्रावणातल्या एका रविवारी लेक-जावई आले होते. मी चहा ओतत होतो. कपात कमी आणि बशीत जास्त गेला.

"अण्णा, हात कापतोय तुमचा," लेक म्हणाली.

"चहा गरम आहे."

"मागच्या वेळी पण कापत होता."

"मागच्या वेळी पण गरमच होता."

ती गप्प बसणाऱ्यातली नाही, माझीच आहे. म्हणाली, आता फोनवरचं हसणं पुरे झालं. मागची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. कॉट टाकलीय, पंखा बसवलाय. लिफ्ट आहे. खाली बाग आहे, तुमच्या वयाची माणसं संध्याकाळी बाकावर बसतात.

"बसू देत की. त्यांना सरकायला सांगायला मी कशाला येऊ?"

"अण्णा, चेष्टा नको. एखाद्या दिवशी हातातून गरम पातेलं पडलं तर कोण आहे इथं?"

"आणि लेकीच्या घरात कॉटवर बसून राहू? लोक काय म्हणतील?"

"ते दिवस गेले आता."

"दिवस गेले असतील. मी आहे अजून."

जावई असं भांडण सुरू झालं की मोबाईलमध्ये बघतात. शहाणा माणूस आहे. ते कॉम्प्युटरवर काम करतात आणि सुट्टीत प्लास्टिकची विमानं जुळवतात. त्यांच्या हॉलमध्ये काचेचं कपाट भरून विमानं आहेत. एवढ्या शिकलेल्या माणसानं हे काय चालवलंय, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. बोललो नाही. जावई आहेत. त्या दिवशी येता येता त्यांनी एक नवीन खोकं घेतलं होतं, ते पिशवीतून अर्धं बाहेर आलं होतं. खोक्यावर ढगात तिरकं झालेलं एक विमान. जुन्या लढाईच्या काळातलं, पुढं पंखा असलेलं. आत एकाच माणसाची जागा.

मी खोकं उचललं आणि हलवलं. आत बारीक बारीक काहीतरी खुळखुळलं.

"हे कापणाऱ्या हातानं होतं का?" मी जावयांना विचारलं.

"नाही मामा. म्हणजे, हात स्थिर लागतो."

"मग हे इथं राहू द्या. मी एकटा करतो. तुम्हाला विचारणार नाही, कुणाला हात लावू देणार नाही. दसऱ्याला पूर्ण झालेलं दिसलं, तर राहायला येण्याचा विषय बंद. कायमचा. नाही झालं, तर मी बॅग भरतो."

लेकीनं नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "शब्द?"

"मी कधी दोनदा बोलतो का?"

"दोनदा नाही, दहादा बोलता. पण तेच तेच." मग म्हणाली, "ठीक आहे. शब्द."

ती चेष्टेत म्हणाली नव्हती. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि विमानाचे सुटे भाग त्यांना कैऱ्यांसारखे लटकलेले. रंगाच्या बोटभर डब्या, एक ब्रश, चिकटवायच्या औषधाची बाटली. आणि एक कागद. कागदावर वाचायचं असं काही नव्हतं, नुसती चित्रं आणि आकडे. माझ्यासारख्यासाठीच छापलाय म्हटलं.

पहिले काही दिवस नेलकटरनं भाग सोडवण्यात गेले. कडा वॉटर पेपरनं घासल्या. तो घासायचा कागद माझ्याकडं गॅरेजमधून आणलेला पडून होता. हात कापतो हे काही खोटं नाही. पण कोपर टेबलावर रोवलं, मनगट पालथ्या वाटीवर टेकवलं आणि श्वास अर्धा धरला, की बोटं थोडा वेळ ऐकतात. तेवढ्यात काम करून घ्यायचं. मग परत सोडून द्यायचं. सकाळी उजेड खिडकीतून टेबलावर येतो तेव्हा बसायचं आणि उजेड भिंतीवर चढला की उठायचं, असा नेम लागला. कितीतरी वर्षांनी मला सकाळी उठून काहीतरी करायचं होतं.

पंख झाले तेव्हा एक भानगड झाली. आमच्या धंद्यात रंगाआधी पत्रा थिनरनं पुसायचा, म्हणजे तेलाचा हात निघून जातो. माझा हात आपोआप थिनरच्या बाटलीकडं गेला. फडकं ओलं केलं आणि पंखावरून फिरवलं. पत्रा चकाकतो, हा चिकट झाला. अंगठा उचलला तर पंखाच्या टोकाला माझा ठसा उमटलेला. गरम गुळावर बोट टेकल्यासारखा.

मी फोन हातात घेतला. जावयांचा नंबर काढला. ते लगेच सांगणार, असं असं करा मामा, काही बिघडत नाही. फोन थोडा वेळ तसाच धरून बसलो. मग ठेवून दिला. पंख दोन दिवस वाळू दिला, ठशात गाडीची भेग बुजवायची लांबी भरली आणि घासत बसलो. बोट फिरवून कळलं नाही तेव्हाच थांबलो.

त्या संध्याकाळी लेकीनं फोनवर विचारलं, "विमान कुठवर आलं?"

"लोहगाव विमानतळापर्यंत आलंय. उतरायला जागा मिळत नाही."

ती हसली. पण राहायला कधी येताय, हे काही तिनं विचारलं नाही. शब्द दिला होता ना. दसऱ्यापर्यंत ती विचारणार नव्हती.

विमानाची बॉडी दोन फाकांची असते, भुईमुगाच्या शेंगेसारखी. आत खुर्ची चिकटवली, समोर घड्याळांची पट्टी चिकटवली, दोन्ही फाका मिटल्या आणि बायकोचे कपड्याचे चिमटे लावून ठेवल्या. लाकडी चिमटे आहेत, तिनं तुळशीबागेतून आणलेले. माझे कपडे मी दोरीवर नुसतेच टाकतो, चिमट्यांची डबी माळ्यावर गेली होती. ती खाली काढली. विमानाला ओळीनं चिमटे लागलेले बघून वाटलं, ही असती तर म्हणाली असती, वाळत घातलंय का ते?

मग रंग. खाली आकाशाचा फिकट निळा, वर हिरवा आणि मातकट. तो भाग मी सांगत नाही, कारण ते मला येतच होतं.

आणि रंगाचं सगळं झाल्यावर मी पायलट उचलला.

कागदावर पायलट पहिल्याच चित्रात होता. ते मी बघितलं नव्हतं असं नाही. बघितलं आणि बाजूला ठेवलं. गाडी पूर्ण झाल्याशिवाय कुणी ड्रायव्हरला आत बसवतं का? आधी बॉडी, मग रंग, मग काचा, आणि माणूस सगळ्यात शेवटी किल्ली घेऊन येतो. आयुष्यभर असंच बघितलं. म्हणून त्याला मी शेवटाला ठेवला होता. बोटाच्या पेराएवढा माणूस, गुडघ्यात वाकलेला, दोन्ही हात मांडीवर. त्याला चांगला रंगवला. खोक्यातला रंग गोरा होता, त्यात मी मातकट मिसळून आपल्याकडचा केला. डोळे काढायला ब्रश जाड पडला, ते राहिले. आणि आत बसवायला गेलो तर विमानाचं वरचं तोंड अरुंद. डोकं आधी घालून बघितलं, पाय आधी घालून बघितले, तिरका करून बघितला. गुडघे अडायचे. बॉडी उघडायची तर रंग, लांबी, सगळं फुटणार.

मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. ज्यानं विमान बनवलं त्यानं दार बारीक ठेवलं.

पायलटला खिडकीत सुपारीच्या डबीवर बसवला. दसऱ्याला अजून अवकाश होता. सकाळी चहा करताना त्याच्याकडं नजर जायची. तोंड माझ्याकडं, डोळे नाहीत, हात मांडीवर. दुसऱ्या कुणाकडं बघत चहा प्यायल्याला बरेच दिवस झाले होते. दोनचार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी कप घेऊन त्याच्या समोरच बसतोय. लक्षात आल्यावर खुर्ची फिरवली. दुसऱ्या दिवशी ती परत तिकडंच होती.

शेवटी चिन्हांचं काम. विमानावर लावायची ही चिन्हं कागदावर छापलेली येतात, पाण्यात भिजवली की सुटतात आणि मग ब्रशनं सरकवत पंखावर न्यायची. पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, खोकला आला तर आधी खोकून घ्यायचं. एक चिन्ह स्वतःवरच गुंडाळलं गेलं, ते उलगडायला अख्खी सकाळ गेली. बसलं तेव्हा मी ओल्या बोटानं दाबत म्हणालो, "बसलं बघ." खोलीत कुणी नव्हतं. आपलाच आवाज आपल्याला असा अचानक ऐकू आला की माणूस दचकतो.

दसऱ्याला सकाळी मंडईतून झेंडू आणला. दरवर्षी मी पाटावर माझी स्प्रे गन आणि लांबी भरायची पाती मांडून पूजा करतो. गॅरेज सुटलं तरी ते सोडलं नाही. यंदा पाटावर विमानही ठेवलं. रस्त्यावरच्या प्रत्येक रिक्षाला, स्कूटरला त्या दिवशी माळ असते, मग यानं काय पाप केलं? दोऱ्यात झेंडूच्या पाकळ्या ओवल्या आणि विमानाच्या पुढच्या पंख्यावर घातल्या. हळदीकुंकू मात्र टेबलावर वाहिलं, रंगावर नाही.

दहाच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. वर गेली नाहीत.

जावयांनी चपला काढल्या आणि सरळ विमानाकडं गेले. हात मागं बांधून वाकून बघितलं, खालून बघितलं. मग म्हणाले, "मामा, हा वरचा रंग ब्रशनं दिलाय?"

"मग काय झाडूनं?"

लेक मागून बघत होती. तिची नजर रंगावर नव्हती. "अण्णा, आत कुणीच नाही," ती म्हणाली. "पायलट कुठंय?"

मी चहाचं भांडं गॅसवर ठेवत होतो. मागं न बघता सांगितलं, "विमान उभं आहे. चाकं खाली आहेत ना? पायलट चहाला गेलाय."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसता हसता तिला खिडकीतला तो डबीवर बसलेला दिसला, मग आणखी हसली. पण हसून झाल्यावर म्हणाली, "पूर्ण झालेलं दिसलं पाहिजे असं ठरलं होतं. हे पूर्ण आहे का?" आणि नवऱ्याकडं बघितलं. खेळ कुणी जिंकला ते आता त्यांनी सांगायचं होतं. मी गॅस बारीक केला.

जावयांनी पायलट दोन बोटांत उचलला आणि विमानाच्या वरच्या तोंडाशी धरून बघितला. "आता पण बसेल, मामा. अवघड काही नाही. आम्ही सगळेच करतो कधी कधी. गुडघ्यापासून पाय कापायचे, मग आरामात आत जातो. वरून काच लावली की कुणाला कळत पण नाही."

"पाय कापायचे?"

"प्लास्टिकचे आहेत हो."

"असू देत. धडधाकट माणूस आहे. जागेत मावत नाही म्हणून पाय कापून आत बसवायचा? आणि वरून काच? नको. बाहेर बरा आहे तो."

मी जरा मोठ्यानंच बोललो असेन. चहा उतू आला तो मी बघितला नाही, लेकीनं येऊन गॅस बंद केला. मग ती तिथंच उभी राहिली, हातात फडकं घेऊन. माझ्याकडं बघितलं. मी बायकोला दिसायचो तसा तिला दिसत असेन, असं मला उगाच वाटलं. नवऱ्यानं तोंड उघडलं तेवढ्यात तीच म्हणाली, "राहू द्या हो. ठेवा त्याला खिडकीत." आणि मला म्हणाली, "झालं पूर्ण. जिंकलात तुम्ही, अण्णा."

"मग विषय बंद?"

"बंद."

तिनं आपट्याचं पान माझ्या हातात दिलं आणि पाया पडली. श्रीखंड खाल्लं, गप्पा झाल्या. जावयांनी विचारलं, विमान आमच्या कपाटात ठेवू का, इथं धूळ बसेल. मी हो म्हटलं. खोक्यात कापूस घालून दिलं. पायलटचं कुणी काही बोललं नाही. ते गेल्यावर मी पेढा आणला आणि एकट्यानं खाल्ला. जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. जेवणात काय केलं, गोळी घेतली का. मी उत्तरं दिली आणि थांबलो. तीही थांबली. "बरं, ठेवते अण्णा," म्हणाली.

लेक माझी आहे. शब्द दिला म्हणजे दिला. तेव्हापासून रोज फोन येतो आणि रोज तिथंच संपतो. काही कमी झालंय असं कुणाला दाखवता यायचं नाही. काळजी आहे. मध्ये आली तेव्हा दांड्याचे दोन स्टीलचे मग घेऊन आली. हाताबद्दल बोलली नाही, नुसते फळीवर ठेवले आणि जुन्या कपबशा मागं सरकवल्या. चहा आता सांडत नाही.

दिवाळीत कोथरूडला गेलो. चिवडा खाल्ला, चहा घेतला. पाणी प्यायला म्हणून उठलो आणि मागच्या खोलीत डोकावलो. कॉट तिथं नव्हती. जावयांचं टेबल आलं होतं, त्यांना आता बरेच दिवस घरूनच काम असतं. विमानांचं काचेचं कपाटही तिकडंच हलवलं होतं. वरच्या फळीवर माझं विमान, उजेडात, चांगल्या जागी. बाकीच्यांच्या आत माणसं बसलेली होती. पंखा चालू होता.

"छान दिसतं ना, अण्णा?" लेकीनं मागून विचारलं.

"चांगली खोली आहे," मी म्हटलं.

मी एवढं कधी बोललो नव्हतो. ती काही म्हणेल म्हणून जरा वेळ दारातच उभा राहिलो. ती म्हणाली, "हो, वारा छान येतो." दिवेलागणीच्या आत निघालो. कुणी थांबवलं नाही. आमच्यात तसंच आहे, मीच तर ठेवलंय.

मी गेलो नसतो. हे लिहून ठेवतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. परत विचारलं असतं तरी पुढच्या जन्मीच म्हणालो असतो. पण ते म्हणायला आधी कुणी विचारावं लागतं.

मागच्या आठवड्यात फोन संपत आला, तिचं 'बरं' येणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "तो आला गं चहावरून."

"कोण आलंय?" तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली. "अण्णा, कोण आलंय घरी?"

पायलट समोर डबीवर होता, मांडीवर हात ठेवून. मी त्याच्याकडं बघितलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "तू कुकर बघ."